बारा कळ्या

आमच्या घरात आजवर जे काही लिहिलं गेलं, ते अर्ज होते. रेशन कार्डात नाव घालण्याचा, वडिलांच्या रजेचा, माझ्या शिष्यवृत्तीचा. सातवीपासून ते सगळे मीच लिहीत आलो, आणि 'वरील विषयास अनुसरून' याच्या फार पुढे माझं लिखाण कधी गेलं नाही. म्हणून असं काही लिहायला बसताना आधी माफी मागावीशी वाटते. वाचणाऱ्यांची तर आहेच, पण ज्यांच्याबद्दल लिहितोय त्यांचीही, कारण त्यांनी मला हे लिहायला सांगितलेलं नाही. मी तिसऱ्यांदा सुरुवात करतोय. आधीच्या दोन्ही वेळी मी स्वतःला जरा बरं दाखवलं होतं, म्हणून ते कागद फाडले.

मी जालन्याचा आहे. हे एवढंसं वाक्य पुण्यात पहिलं दीड वर्ष मी बोललो नाही.

खरं तर एकदाच बोललो होतो, पहिल्या दिवशी, वसतिगृहाच्या मेसमध्ये. समोर बसलेल्या एका सीनियरनं गाव विचारलं. मी सांगितलं. त्यानं भाताचा घास तोंडाजवळ थांबवून सहज विचारलं की जालन्यात काय आहे? त्याच्या विचारण्यात काही वाईट नव्हतं. मी म्हणालो, "काहीच नाही." टेबलावरचे सगळे हसले आणि सगळ्यात जास्त मी हसलो. दुसऱ्या दिवसापासून कुणी विचारलं की मी संभाजीनगर सांगायला लागलो. तिथं विमानतळ आहे, लेणी आहेत, लोक पुढचं विचारत नाहीत.

गाव लपवणं सोपं होतं, बोलणं लपवणं अवघड. खोलीत माझ्यासोबत कोल्हापूरचा एक मुलगा होता. एकदा त्यानं विचारलं, काय चाललंय? मी म्हणालो, अभ्यास करून राह्यलो. तो म्हणाला, "अभ्यास करून? मग राहिलास कुठं?" महिनाभर सगळा मजला मला हेच विचारत होता. जेवून कुठं राहिलास, आंघोळ करून कुठं राहिलास. चिडवण्यात प्रेम होतं हे आता कळतं. त्याला स्वतःच्या बोलण्याची लाज नव्हती. तो प्राध्यापकांशीसुद्धा कोल्हापुरीत बोलायचा आणि गावाचं नाव छाती पुढे काढून घ्यायचा. मी मात्र आरशासमोर 'करतोय, जातोय, येतोय' असा सराव केला. 'न्हाई'चं 'नाही' झालं, 'मंग'चं 'मग' झालं. आईचा फोन आला तरी मी तसंच बोलायचो, कारण खोलीत इतर मुलं असायची. काही दिवसांनी माझ्या लक्षात आलं की फोनवर आईसुद्धा जपून बोलायला लागलीय. "जेवलास का? नाही? मग कधी जेवणार?" शाळेत धडा वाचून दाखवावा तसं एकेक शब्द उचलून ती बोलायची. मला ते बरं वाटलं होतं. हे लिहितानाही हात थांबतो, पण खरंच बरं वाटलं होतं.

आता आईच्या कामाबद्दल सांगायला हवं.

आमच्याकडे मेंढरं आजोबांपर्यंत होती. वडील जालन्यात सळईच्या कारखान्यात लागले आणि आम्ही शहराच्या कडेला पत्र्याच्या दोन खोल्यांत राहायला आलो. आई बियाण्याच्या प्लॉटवर जाते. सकाळी जीप येते, गल्लीतल्या दहा-बारा बायका तीत बसतात आणि भोकरदन रोडच्या बाजूच्या कुठल्यातरी शेतात उतरतात. शेतात कापूस असतो, पण तो वेचायचा नसतो. त्याचं बियाणं तयार करायचं असतं. एका जातीच्या ओळींना मादी म्हणतात, दुसऱ्या जातीच्या ओळींना नर. मादीच्या झाडावरची जी कळी उद्या उमलणार, ती आज दुपारनंतर हेरायची, अंगठ्याच्या नखानं तिच्या पाकळ्या बुडापासून गोल कापायच्या आणि हलकासा पीळ देऊन पाकळ्यांसकट आतले पुंकेसर उचलून घ्यायचे. मधला पांढरा दांडा तेवढा उभा राहतो. त्यावर खुणेला लाल कागदाची पुडी ठेवायची. दुसऱ्या दिवशी सकाळी पुडी काढून त्या दांड्यावर नराचं फूल फिरवायचं. मग बोंड धरतं. नख थोडं खोल गेलं तर आतलं कोवळं बोंड दुखावतं आणि चार दिवसांत गळून पडतं. बायका या कामाला नुसतं 'सोलणं' म्हणतात. माझी आई दिवसाला किती कळ्या सोलते याचा हिशोब कुणी ठेवत नाही, पण तिची गळ सगळ्यात कमी असते हे सगळे प्लॉटवाले ओळखून आहेत. नव्या बाईला तिच्याच बाजूच्या ओळीत लावतात.

सहावी-सातवीत असताना सुट्टीच्या दिवशी मी तिच्यासोबत जायचो. तिथंच शिकलो. तिनं माझा अंगठा धरून, नख किती बुडवायचं ते दाखवलं होतं.

मी शेतकी कॉलेजात शिकतो. दुसऱ्या वर्षी सप्टेंबरमध्ये कॉलेजच्या शेतावर आमचं प्रात्यक्षिक होतं. सरांनी आधी फळ्यावर 'इमॅस्क्युलेशन' असा लांबलचक शब्द लिहिला आणि मग चिमट्यानं एक कळी सोलून दाखवली. आमच्या तुकडीतल्या मुलांनी चिमटे घेतले. कुणाची कळी मोडली, कुणाचा मधला दांडाच तुटून आला. सर वैतागले होते. माझी पाळी आली तेव्हा मी काही ठरवलं नव्हतं. चिमटा डाव्या हातात राहिला आणि उजव्या हाताच्या अंगठ्यानं काम केलं. कळी एका पिळात मोकळी झाली.

सर जवळ आले. आणखी दोन करायला लावल्या. मग त्यांनी विचारलं, "कुठे शिकलास?"

उत्तर एका शब्दाचं होतं. मी म्हणालो, "यूट्यूबवर पाहिलं, सर."

त्यांनी माझी पाठ थोपटली. मुलांनी आपण होऊन कसं शिकावं याचं उदाहरण म्हणून त्यांनी मला सगळ्यांसमोर उभं केलं. मी उभा राहिलो.

तीन आठवड्यांनी शैक्षणिक सहलीची नोटीस लागली. पहिला मुक्काम संभाजीनगर आणि दुसऱ्या दिवशी जालना जिल्ह्यात कापसाच्या बीजोत्पादनाचा प्लॉट. न जाण्याची सोय नव्हती, सहलीला गुण होते. मी स्वतःला समजावलं की जालन्याच्या आसपास असे प्लॉट गावोगावी असतात, नेमका तोच कशाला निघेल? तरी खबरदारी म्हणून आईला फोनवर सांगितलं की सहल नागपूरकडे जाणार आहे. ती म्हणाली, टोपी ने, नागपूरचं ऊन वाईट असतं.

संभाजीनगरला मित्रांनी हट्ट धरला की तुझ्या घरी चहाला जाऊ. मी म्हणालो की घराला कुलूप आहे, सगळे लग्नाला गेलेत. कुठल्या गल्लीत आहे ते तरी दाखव, असं एकजण म्हणाला. मी बसच्या खिडकीतून एका दुमजली इमारतीकडे बोट दाखवलं. त्या घराच्या गच्चीवर गुलाबी रंगाच्या साड्या वाळत होत्या. कुणाच्या होत्या कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी बस जालन्यात शिरली ती एमआयडीसीच्या बाजूनं. कारखान्यांची धुरांडी दिसायला लागली. पुढच्या बाकावरच्या मुलीनं ओढणी नाकाला लावली, कुणीतरी खिडकी बंद करा म्हणालं. त्या ओळीत डावीकडचा तिसरा कारखाना वडिलांचा. ते तेव्हा पहिल्या पाळीत आत होते. लालभडक तापलेली सळई साच्यातून बाहेर येते तेव्हा ती चिमट्यानं धरून वळवायचं त्यांचं काम. त्यांच्या सगळ्या शर्टांना ठिणग्यांची बारीक भोकं आहेत. मी खिडकी बंद केली. काच माझ्याच बाजूला होती.

भोकरदन रोडला लागून बस एका शेताजवळ थांबली. मी टोपी खाली ओढून सगळ्यांत शेवटी उतरलो. शेतात बायका कामाला लागल्या होत्या, आणि पहिल्याच ओळीत मला आमच्या शेजारची मावशी दिसली. ही मावशी म्हणजे सख्खी नव्हे. आमची भिंत आणि तिची भिंत एकच आहे, आणि मी चालायला तिच्या ओट्यावर शिकलोय. मी नजर फिरवून आईला शोधलं. आई नव्हती. दोनदा पाहिलं, नव्हती. त्या क्षणी मला जी सुटका वाटली, तिच्याइतकी लाजिरवाणी गोष्ट माझ्या आयुष्यात दुसरी नाही. बाकी सगळं घाबरून झालं असं म्हणता येईल. सुटका मात्र माझी मला वाटली होती.

सर बायकांना म्हणाले, हा आमचा विद्यार्थी, व्हिडिओ बघून शिकलाय, तुम्हाला पटतंय का बघा. मावशीनं माझ्याकडे पाहिलं. ओळख तिच्या डोळ्यांत आली आणि गेली.

"दावा की, सर," ती मला म्हणाली.

मला सर. मी झाडापुढे वाकलो आणि बारा कळ्या सोलल्या. बायका भोवती जमल्या. एकजण म्हणाली, "अगं बाई, हे तर आपलं काम घालवणार." सगळ्या हसल्या. मावशीनं एकेक कळी बोटानं वळवून पाहिली.

"लई हलक्या हातानं धरता तुम्ही," ती म्हणाली. "अस्सं धरणारी आमच्यात एकच हाये. तुमच्या त्या व्हिडिओत कोण व्हतं? बाई का माणूस?"

"बाई," मी म्हणालो. दिवसभरातला तेवढा एक शब्द खरा होता.

"मंग चांगली बाई आसंल."

सरांनाही उत्सुकता वाटली. त्यांनी मला विचारलं की तुझ्या घरी कुणी शेतात काम करतं का? मावशी माझ्यापासून हातभर अंतरावर उभी होती. मी स्वच्छ पुणेरी मराठीत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "नाही सर, आमच्या घरी कुणीच नाही करत."

मावशीनं कमरेच्या पिशवीतून लाल कागदाच्या पुड्या काढल्या आणि माझ्या बाराही कळ्यांवर एकेक ठेवली. बस निघेपर्यंत तिनं पुन्हा माझ्याकडे पाहिलं नाही.

परतीच्या वाटेवर माझ्या डोक्यात एकच होतं. मावशी आज घरी गेल्यावर आईला सांगेल. भिंतीपलीकडे तर जायचंय. नाही सांगितलं तरच मी वाचलो. त्या संध्याकाळी आईचा फोन आला तेव्हा मी बसमधून उतरून बोललो. तिनं नेहमीसारखंच विचारलं, सहल कशी झाली, जेवण मिळालं का, नागपूरला ऊन होतं का. मी म्हणालो, ऊन नव्हतं, पाऊस पडला. ती म्हणाली, "पाऊस पडला का? बरं झालं. इकडे नाही." तिच्या आवाजात मला काहीच वेगळं ऐकू आलं नाही. मावशीनं सांगितलेलं नाही, असं मी धरून चाललो. आणि मला वाटलं होतं तसं हायसं मात्र वाटलं नाही.

दिवाळीला घरी गेलो. आईसमोर बोलायचं असं ठरवून गेलो होतो. चार दिवस ती चुलीपुढे, मी तिच्या मागे. सांगायला तोंड उघडलं की ती म्हणायची, "शेव घे अजून." मावशी दोनदा येऊन गेली, नेहमीसारखी बोलली, मला तू म्हणाली. मला वाटायचं की आईला कळलेलं नाही, तर कशाला तिला दुखवायचं? हा विचार चांगुलपणाचा दिसतो, म्हणून मी तो पुष्कळ दिवस बाळगला. मी भीत होतो, एवढंच त्याच्या आत होतं.

शेवटी बोललो ते कोल्हापूरच्या मित्राशी, डिसेंबरमध्ये, मेसच्या पायरीवर. संभाजीनगरचं घर, गुलाबी साड्या, व्हिडिओ, सगळं सांगितलं. आधी तो हसला. मग मावशीनं पुड्या ठेवल्याचं सांगितलं तेव्हा हसायचा थांबला. "आमची आई पण उसाच्या शेतात जाते की," तो म्हणाला. "मी तुला कधी सांगितलं न्हाई, कारण त्यात सांगण्यासारखं काय हाय? तू लपवलंस म्हंजे तुला ते कमी वाटतंय." तो उठून गेला. दोन दिवस माझ्याशी नीट बोलला नाही. तिसऱ्या दिवशी दारात उभा राहून सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं ओरडला, "जालनेकर, जेवून कुठं राहिलास?" तेव्हापासून मी जालनेकर.

गाव सांगायला लागल्यावर एक अडचण झाली. लोक आताही विचारायचे, जालन्यात काय आहे? आणि 'काहीच नाही' म्हणायचं नाही हे ठरवूनही दुसरं काही मला पटकन सुचायचं नाही. मी तिथं अठरा वर्षं राहिलो होतो पण पाहिलेलं काही नव्हतं. त्या वर्षी पुण्यात एका बियाण्याच्या दुकानात पाकीट उलटून बारीक अक्षरं वाचली. उत्पादक, जिल्हा जालना. दुसरं पाकीट उलटलं, तिथंही जालना. दुकानदार म्हणाला, भाव पुढच्या बाजूला आहे. मी म्हणालो, भाव नाही पाहून राह्यलो. बोलून गेल्यावर माझ्या लक्षात आलं, पण दुरुस्त केलं नाही.

उन्हाळ्यात घरी गेलो तेव्हा रिकामा हिंडलो. मोंढ्याच्या बाजारात मोसंबीचे ढीग लागले होते, आणि तो वास इतकी वर्षं नाकात असून मी कधी त्याला जालन्याचा वास म्हटलं नव्हतं. मोती तलावाच्या काठावर बसलो. एका रिक्षावाल्याशी बोललो, तो अर्धं उर्दू, अर्धं मराठी बोलत होता, आणि आपणही घरात बिलकुल, बराबर, जल्दी असंच बोलतो हे मला तेव्हा कानांनी कळलं. वडिलांचा डबा घेऊन कारखान्याच्या फाटकावर गेलो. ते बाहेर आले, मला पाहून आधी घाबरले. घरी काही झालं का, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, नुसताच आलोय. मग फाटकाच्या जाळीतून त्यांनी मला ट्रकवर चढत असलेल्या सळ्या दाखवल्या आणि हळूच म्हणाले की पुण्यात तुमच्या कॉलेजची नवी इमारत होतेय ना, तिच्यात ह्याच आसतील, काय सांगावं. या गोष्टींचा मला अभिमान वाटतो असं लिहायला हवं. वाटतोही. पण आपण ज्याला नाकारलं त्याचा अभिमान बाळगताना दुसऱ्याची वस्तू उचलल्यासारखं वाटतं. आईला सांगितल्याशिवाय तो अभिमान माझा होणार नव्हता, आणि मी त्याही सुट्टीत सांगितलं नाही.

गेल्या महिन्यात मावशी तिच्या भाचीच्या लग्नाला पुण्यात आली होती. परत जाताना तिला गाडीत बसवून द्यायला मी शिवाजीनगरच्या स्टँडवर गेलो. दुपारची वेळ होती, गाडी लागायला अर्धा तास होता. आम्ही बाकावर बसून भेळ खाल्ली. ती लग्नातल्या जेवणाला नावं ठेवत होती. मध्येच मी विचारलं. दोन वर्षं झाली होती, प्रश्न आपोआप बाहेर आला.

"मावशी, त्या दिवशी प्लॉटवर मी जे बोललो, ते तू आईला कधी सांगितलंस का?"

तिनं भेळेचा कागद चुरगाळला आणि माझ्याकडे नीट पाहिलं.

"मी कामून सांगू? ती तिथंच व्हती."

मला समजलं नाही. ती सांगत गेली. बस थांबली तेव्हा आई तिच्याच शेजारच्या ओळीत होती. बसच्या खिडकीत मला आईनंच आधी पाहिलं. लेकरू आलं, कोणी त्याचं नाव घेऊ नका, ओळख दावू नका, असं सगळ्या बायकांना बजावून ती शेजारच्या तुरीत जाऊन बसली. कापसात आणि तुरीत दोन ओळींचं अंतर. बस जाईपर्यंत ती उठली नाही.

म्हणजे ती सगळं ऐकत होती. आणि त्याच संध्याकाळी तिनं मला फोन करून नागपूरचं ऊन विचारलं होतं. मी मावशीला विचारलं की नंतर ती काय म्हणाली.

"काय म्हणंल? काय बी न्हाई म्हणली," मावशी म्हणाली. गाडी लागली होती, ती पिशवी उचलून उभी राहिली. "दुसऱ्या दिशी सकाळी मात्र त्या झाडाला कोणाला हात लावू न्हाई दिला. तुझ्या बारा कळ्यांवर सोताच्या हातानं फूल फिरवलं. मंग रोज पाहून यायची, बोंडं धरली का म्हणून. अकरा धरली, बाबा. एक गळली. मी म्हणलं पोराचं नख खोल गेलं आसंल, तर माझ्यावरच भडकली. म्हणती, नखानं न्हाई, वाऱ्यानं गळली ती."